आधी व्हॉल्व्ह, मग पाइप: सार्वजनिक बागांच्या सिंचन जाळ्याचा डिजिटल नकाशा करताना

लाइन फुटली हे कळायला वेळ लागत नाही, पाणी स्वतःच वर येऊन सांगतं. वेळ जातो तो ती कुठल्या व्हॉल्व्हने बंद होते हे शोधण्यात. बागा, मैदानं, दुभाजकांतली झाडं यांना पाणी देणारं जाळं जमिनीखाली असतं. ते टाकणारा ठेकेदार केव्हाच गेलेला असतो आणि कुठलं चेंबर कशाचं, हे एखाद्या जुन्या माळ्यालाच ठाऊक असतं. तो रजेवर गेला की बाग एक तर कोरडी पडते, नाही तर चिखलात जाते.

पालिकेच्या उद्यान विभागात नव्याने रुजू झालेले अभियंते, पर्यवेक्षक, देखभालीच्या ठेक्यावरचे तंत्रज्ञ, अशांसाठी हे लिहितो आहे. नकाशाशास्त्राची ओळख नसली तरी अडत नाही. विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आणि थेंबथेंब पाणी सोडणारा ड्रिपर यांतला फरक कळत असेल तर बाकीचं हाताखालून गेलं की जमतं.

कशाची नोंद ठेवायची, ते आधी कागदावर ठरवा

बहुतेक नवे लोक उत्साहाने पाइप काढायला बसतात. पाइप दिसत नाहीत, म्हणून अंदाजाने रेघा मारल्या जातात आणि महिन्याभरात सुंदर पण खोटा नकाशा तयार होतो. तुम्ही व्हॉल्व्हपासून सुरुवात करा. ते डोळ्यांना दिसतात, हाताने फिरवता येतात आणि अडचणीच्या वेळी लागतात तेही तेच.

पाणी जसं वाहतं त्या क्रमाने यादी करा. मुख्य जोडणी आणि मीटर, बागेतलं पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये जाऊ नये म्हणून बसवलेली यंत्रणा, पंप, फिल्टर, मग मेन लाइन, तिच्यावरचे हाताने बंद करायचे व्हॉल्व्ह, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, त्यापुढची सबमेन म्हणजे उपलाइन आणि शेवटी झाडांपर्यंत जाणाऱ्या बारीक लाइन, म्हणजे लॅटरल. मेन लाइन आणि लॅटरल यांचे थर, म्हणजे डिजिटल नकाशातले एकावर एक ठेवायचे पदर, वेगळे ठेवा, ही गोष्ट विसरू नका. मेन लाइनमध्ये चोवीस तास दाब असतो, लॅटरलमध्ये फक्त तो झोन चालू असतानाच. म्हणून मेनची गळती रात्रंदिवस चालते आणि लॅटरलची पाण्याच्या पाळीपुरती. ओल पहाटेही वाढत असेल तर कुठली लाइन खोदायची, हे या एका फरकावर ठरतं.

नकाशावर व्हॉल्व्ह, मीटर, कंट्रोलर (सोलेनॉइड व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारी पेटी) हे बिंदू, लाइन या रेषा आणि झोन हे क्षेत्र. एका सोलेनॉइड व्हॉल्व्हवर जेवढा भाग भिजतो तो एक झोन. प्रत्येक ड्रिपर नकाशावर टाकायच्या भानगडीत अजिबात पडू नका. ड्रिपरचा ताशी प्रवाह आणि दोन ड्रिपरमधलं अंतर झोनच्या माहितीत लिहिलं की काम झालं. तुषारची तोंडं टाकायला हरकत नाही, पण पहिल्या फेरीत नको.

व्हॉल्व्हसाठी मी एवढेच रकाने ठेवतो: क्रमांक, प्रकार, व्यास, कंट्रोलर आणि त्यावरचा स्टेशन क्रमांक (तो व्हॉल्व्ह जोडलेल्या जागेचा), नेहमीची स्थिती उघडी की बंद, पूर्ण बंद व्हायला किती फेरे लागतात, फोटो, ही माहिती कशावरून कळली आणि शेवटचं कधी पाहिलं. शक्य तिथे लिहायला रिकामी जागा न देता निवडीची यादी द्या. नाही तर एकच व्हॉल्व्ह कुणी ‘गेट’, कुणी ‘गेट वॉल’, कुणी ‘चावी’ म्हणून नोंदवेल आणि उद्या मोजणी करताना तिघं वेगळे निघतील.

क्रमांक साधा, चढता ठेवा. त्यात प्रभाग किंवा रस्त्याचं नाव गुंफू नका. प्रभागरचना बदलते, रस्त्यांची नावं बदलतात, व्हॉल्व्ह मात्र तिथेच असतो. आणि क्रमांकाची पट्टी झाकणावर लावू नका, चेंबरच्या भिंतीला किंवा खुद्द व्हॉल्व्हला बांधा. गवत कापणारी मंडळी चार झाकणं उघडतात आणि बसवताना अदलाबदल करतात, हे एकदा भोगलं की आयुष्यभर लक्षात राहतं.

सॉफ्टवेअर आणि फाइल

यावर फार वेळ घालवू नका. क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं मुक्त आणि मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये त्याची सुरुवात केली आणि आज त्यामागे जगभरचा समुदाय आहे. मैदानावर फोनसाठी क्यूफील्ड वापरा. कार्यालयात बनवलेला प्रकल्प, थर आणि निवडीच्या याद्या त्यात तशाच उघडतात आणि नेटवर्क नसलं तरी नोंद करता येते. कार्यालयात आधीच दुसरं काही वापरात असेल तर तेच वापरा.

फाइलचा प्रकार मात्र जपून निवडा. जिओपॅकेज घ्या, शेपफाइल नको. शेपफाइल म्हणजे एकमेकींवाचून अडणाऱ्या अनेक फायलींचं गाठोडं, त्यातली एक मेल करताना राहिली की सगळं बसतं. शिवाय तिच्यात रकान्याचं नाव १० बाइटांपलीकडे जात नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ‘व्यास’ एवढा शब्दसुद्धा तिथे मावत नाही. जिओपॅकेजमध्ये सगळे थर एका फाइलीत राहतात आणि मराठी नावंही शाबूत राहतात.

निर्देशांक पद्धतीबद्दल दोन वाक्यं. फोन अक्षांश-रेखांश अंशांत देतो, पण अंशांत पाइपची लांबी मोजता येत नाही. पृथ्वीचे ६ अंशांचे ६० पट्टे पाडणाऱ्या यूटीएम पद्धतीतला तुमचा पट्टा शोधा आणि सगळे थर त्यातच साठवा, म्हणजे लांबी मीटरमध्ये आणि क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळतं.

फोनचा निळा ठिपका किती खरा

इथे थोडं थांबू या, कारण नकाशा बिघडतो तो इथेच. मोकळ्या आकाशाखाली फोनच्या जीपीएसची चूक साधारण ५ मीटरच्या आत राहते. झाडाखाली किंवा उंच भिंतीजवळ ती याहून वाढते. आणि बागेत झाडं असायचीच. एकाला एक लागून असलेली तीन चेंबरं फोनने टिपली तर नकाशावर त्यांची अदलाबदल होऊन बसते. दशांश स्थळं जास्त दिसली म्हणून भुलू नका. अक्षांशाचं पाचवं दशांश स्थळ म्हणजे सुमारे १.१ मीटर. फोन सातव्या स्थळापर्यंत आकडे दाखवत असला, तरी त्याला तेवढं दिसत नसतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला आरटीके पद्धतीचा जीएनएसएस, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारा, रिसीव्हर. जवळच्या आधार केंद्राकडून दुरुस्तीचे आकडे घेऊन तो आडव्या दिशेत १ ते २ सेंटिमीटरपर्यंत अचूक जागा देतो. फक्त पडद्यावर ‘फिक्स’, म्हणजे जागा पक्की झाल्याची खूण, आलं आहे ना, हे पाहूनच बिंदू टिपा. ‘फ्लोट’, म्हणजे जागा अजून कच्ची, असं दिसत असताना टिपलेला बिंदू आरटीकेचा म्हणून नोंदवला जातो, पण त्यात दोन-चार हातांची चूक सहज लपलेली असू शकते. नवा माणूस घाईत असला की हे हमखास होतं.

दुसरा उपाय मोजपट्टी. हसू नका. दिव्याचा खांब, भिंतीचा कोपरा, पुतळ्याचा चौथरा अशा सहसा न हलणाऱ्या दोन खुणा निवडा आणि दोन्हींपासून व्हॉल्व्हपर्यंतची अंतरं घ्या. क्यूजीआयएसमध्ये दोन्ही खुणांभोवती त्या त्या त्रिज्येची वर्तुळं काढली की ती दोन ठिकाणी छेदतात. त्यातलं खरं कुठलं हे समजावं म्हणून ‘खांबाच्या उद्यानाकडच्या बाजूला’ असं तिथेच लिहून ठेवा. दोन मोजमापांमधला व्हॉल्व्हपाशी होणारा कोन ६० ते १२० अंशांच्या दरम्यान असू द्या. फार निमुळता असेल तर मोजणीतली छोटीशी चूक छेदबिंदूला लांब ढकलते. अर्थात खुणांची जागा हवाई छायाचित्रावर नीट दिसत असली पाहिजे. आरटीके असला तरी ही दोन अंतरं मी रकान्यात लिहून ठेवतो. रात्री फोनची बॅटरी संपल्यावर गवताखाली गेलेलं झाकण मोजपट्टीनेच सापडतं.

जुनी ड्रॉइंग

कपाटातून जे निघेल ते स्कॅन करा. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये स्कॅनवरचे आणि जमिनीवरचे जुळणारे बिंदू दाखवून ते नकाशावर बसवता येतं. निदान ४ ते ६ बिंदू घ्या आणि ते चारही कोपऱ्यांकडे पसरलेले असू द्या. एकाच बाजूला गर्दी केली तर दुसरी बाजू सरकते.

पण ड्रॉइंगवर काढलेली लाइन तिथेच आहे असं धरून चालू नका. ते बहुधा काम सुरू होण्याआधीचं असतं. खोदताना खडक लागला, झाडाचं मूळ आडवं आलं, तर लाइन वळते आणि कागद तसाच राहतो. यासाठीच ‘कशावरून कळलं’ हा रकाना. भूमिगत वाहिन्यांच्या नोंदीसाठी अमेरिकी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेचं ३८ क्रमांकाचं मानक आहे, त्यात डी, सी, बी, ए अशा चार पायऱ्या आहेत. आपल्या कामापुरतं त्यांचं भाषांतर असं: कागदावरून, वरच्या खुणा पाहून, यंत्राने शोधून, खोदून प्रत्यक्ष पाहून. नकाशावर खोदून पाहिलेली लाइन सलग आणि कागदावरची तुटक दिसेल अशी रंगसंगती लावा. जेसीबी चालवणाऱ्याला मानक माहीत नसतं, पण तुटक रेघ पाहिली की तो जपून खोदतो.

मैदानावर

आता त्या जुन्या माळ्याला बरोबर घ्या. त्यांना ‘माहिती द्या’ म्हणून फॉर्म पुढे करू नका, सोबत चाला. ‘दादा, ही चावी बंद केली की कुठलं पाणी जातं?’ एवढं विचारलं की पुढचं ते स्वतःच सांगतात, आणि तीन ठेकेदारांचा इतिहासही. तो ऐकून घ्या, त्यातच एखादी विसरलेली जोडणी निघते.

दोघांची जोडी लागते. एक कंट्रोलरपाशी, दुसरा फोन घेऊन बागेत. पहिलं स्टेशन दोन-तीन मिनिटं चालू करा, भिजणाऱ्या भागाच्या कडेने चालत झोनचं क्षेत्र आखा आणि कुठला सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडला ते चेंबरमध्ये हात लावून पाहा. पाणी वाहत असलेला व्हॉल्व्ह हाताला कळतो. मग पुढचं स्टेशन. एका बागेत आम्हाला कंट्रोलरवरचं चौथं स्टेशन कारंज्याजवळचं म्हणून लिहिलेलं मिळालं, आणि चालू केल्यावर पाणी आलं पार फाटकाबाहेरच्या दुभाजकात. कितीतरी उन्हाळे लोक चुकीच्या जागी गळती शोधत होते.

स्टेशन चालू करूनही कुठेच पाणी आलं नाही, तर मल्टिमीटर काढा. कंट्रोलरमधून त्या स्टेशनची तार सोडवा आणि ती व सामाईक तार यांच्यामधला रोध मोजा. नेहमीच्या २४ व्होल्ट एसी सोलेनॉइडचा रोध साधारण २० ते ६० ओहम असतो. त्याहून फारच कमी आला तर कुठेतरी तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, अमर्याद आला तर तार तुटली आहे. ही मापंही व्हॉल्व्हच्या नोंदीत टाका, पुढच्या वर्षी तुलनेला येतात. दोन तारांवर सगळे व्हॉल्व्ह चालवणारी डीकोडर पद्धत असेल तर ही तपासणी लागू पडत नाही, तिथे उत्पादकाची पद्धत पाहा.

दडलेल्या मेन लाइनसाठी एक युक्ती. प्लास्टिकचा पाइप तारशोधक यंत्राला दिसत नाही. पण व्हॉल्व्हच्या तारा बहुतेक वेळा मेन लाइनच्याच चरात टाकलेल्या असतात. तारेवर सिग्नल सोडून तिचा माग काढला की लाइनचा मार्ग बऱ्यापैकी मिळतो. नोंद मात्र ‘यंत्राने शोधून’ अशीच करा, कारण क्वचित तार जवळच्या वाटेने जाते आणि पाइप वळसा घालतो.

हाताचे व्हॉल्व्ह फिरवून पाहिल्याशिवाय नोंदवू नका. सावकाश फिरवा, झटकन बंद केल्यावर लाइनमध्ये पाण्याचा हातोडा, म्हणजे दाबाचा जोरदार धक्का, बसतो. फेरे मोजा. जुना, गंजलेला गेट व्हॉल्व्ह अडला तर जोर लावू नका, ‘अडकलेला’ अशी नोंद करून पुढे जा. आणि हे काम सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काढू नका. खोल चेंबरमध्ये एकट्याने उतरायचं नाही, झाकण आकड्याने उचलायचं, आत आधी बॅटरी मारून पाहायचं. ऊब आणि ओलावा सापालाही आवडतो.

रेषा काढताना

कार्यालयात परत आल्यावर लाइन काढा, पाणी वाहतं त्याच दिशेने. स्नॅपिंग (जवळची टोकं आपोआप जुळवण्याची सोय) चालू ठेवा आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी रेषा तोडा. पडद्यावर जोडलेल्या दिसणाऱ्या दोन रेषांमध्ये २ सेंटिमीटरची फट राहिली तरी संगणकाच्या लेखी ती लाइन तुटलेलीच. क्यूजीआयएसमधल्या टोपोलॉजी चेकरला लोंबकळणारी टोकं शोधायला सांगा. लॅटरलची खरी शेवटची टोकं सोडून जी उरतील ती तुमच्या चुका. एवढं केलं की ‘हा व्हॉल्व्ह बंद केला तर कुठले झोन कोरडे पडतील’ याचं उत्तर नकाशाकडून मिळायला लागतं.

नकाशाला कामाला लावा

तपासणी आणि दुरुस्तीसाठी वेगळं कोष्टक करा आणि ते व्हॉल्व्हच्या किंवा लाइनच्या क्रमांकाशी जोडा. व्हॉल्व्ह एक, त्याच्या नोंदी अनेक. नव्या दुरुस्तीसाठी जुनी पुसली तर त्याच जागी चौथ्यांदा पाइप फुटला हे कुणालाच कळणार नाही.

दुरुस्त्यांचे ठिपके नकाशावर दिसायला लागले की कारणं उघडी पडतात. उतारावरच्या बागेत खालच्या टोकाला तोंडं वारंवार उडत असतील तर उंची तपासा. १० मीटर उतार म्हणजे जवळजवळ १ बार दाब वाढला. साध्या फवारा तोंडाला सुमारे २.१ बार पुरतो, फिरत्या रोटरला सुमारे ३.१ बार लागतो. दाब जास्त झाला की फवाऱ्याचं धुकं होऊन वाऱ्यावर जातं. अशा झोनला नवी तोंडं लावत बसण्यापेक्षा दाब नियंत्रक बसवा.

प्रत्येक झोन एकटा चालवून मीटरवर त्याचा प्रवाह मोजा आणि लिहून ठेवा. हा आकडा सोन्यासारखा आहे. समजा झोनचा प्रवाह मिनिटाला ४० लिटर आणि नकाशावरून क्षेत्रफळ २०० चौरस मीटर. ताशी २,४०० लिटर भागिले २००, म्हणजे १२ मिलिमीटर, कारण एका चौरस मीटरवर १ लिटर म्हणजे १ मिलिमीटर पाणी. गवताला ६ मिलिमीटर द्यायचं असेल तर अर्धा तास पुरे. कंट्रोलरवर एक तास लावलेला आढळला तर कुणाशी वाद न घालता हा हिशेब पुढे ठेवा. पुढे कधी तोच झोन मिनिटाला ५५ लिटर खाऊ लागला तर तोंड किंवा पाइप फुटला आहे; २५ वर आला तर फिल्टर तुंबलाय किंवा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे.

गळती शोधायची रीतही यातून निघते. सगळी स्टेशनं बंद करा आणि मुख्य मीटर पाहा. तरीही मिनिटाला ५ लिटर जात असेल तर दिवसाला ७,२०० लिटर मेन लाइनमधून जमिनीत मुरतं आहे. नकाशा उघडा, जाळ्याच्या साधारण मध्यावरचा व्हॉल्व्ह बंद करा. मीटर थांबला तर गळती त्या पलीकडे, नाही थांबला तर अलीकडे. उरलेल्या भागाचे पुन्हा दोन तुकडे करा. सोळा तुकड्यांचं जाळं असलं तरी चार वेळा व्हॉल्व्ह फिरवला की तुकडा हाती लागतो, बशर्ते बंद केलेला व्हॉल्व्ह खरोखर बंद होत असेल. फेरे मोजून ठेवले होते ते यासाठीच.

उपग्रहचित्रांचा मोह नव्या लोकांना फार असतो. सेंटिनल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, साधारण दर ५ दिवसांनी, पण त्यातला एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. मोठ्या मैदानावरचा वाळका पट्टा त्यात दिसेल, दुभाजकातली रोपं दिसणार नाहीत. वेळ उरला तर पाहा.

नकाशा शिळा होऊ नये म्हणून

मूळ थरांत बदल करण्याचा अधिकार एक-दोघांकडेच ठेवा. बाकी सगळ्यांना ‘इथे चूक आहे’ असा एक वेगळा बिंदूंचा थर द्या, ज्यात फोटो टाकता येतो आणि दोन शब्द लिहिता येतात. माळी, व्हॉल्व्हमन, पर्यवेक्षक कुणीही त्यात खूण करावी, आणि आठवड्यातून एकदा तुम्ही तो थर रिकामा करावा. खड्डा बुजवण्याआधी उघड्या पाइपचा फोटो आणि जागा नोंदली नसेल तर दुरुस्तीचं बिल पुढे सरकवायचं नाही, असा नियम करून घेता आला तर फारच उत्तम. खड्डा उघडा असतानाच ‘खोदून पाहिलेली’ जागा फुकट मिळत असते. फाइलची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या जागी ठेवा.

पहिली बाग निवडताना सगळ्यात मोठी घेऊ नका आणि सगळ्यात सोपीही नको. जिच्या तक्रारी सतत येतात आणि जिथला माळी वर्ष-दोन वर्षांत निवृत्त होणार आहे, ती घ्या.

ती पूर्ण झाली की नकाशाची मोठी प्रत काढून लॅमिनेट करा आणि पंपघरात डोळ्यांच्या उंचीवर लावा. व्हॉल्व्हचे क्रमांक आणि मोजपट्टीची दोन अंतरं चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी, कोपऱ्यात तारीख. नवी प्रत लावाल तेव्हा जुनी तिथल्या तिथे फाडून टाका. भिंतीवर दोन नकाशे राहिले की रात्रपाळीचा माणूस नेमका जुना वाचतो.